भर दुपारी वाचलेलं एक नाव

जे आता लिहायला बसलेय, ते मी माहेरी बोलले नाही, मैत्रिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. एकदा देवापुढे बसून मनातल्या मनात सांगायला घेतलं होतं — तिथेही अर्ध्यात थांबले आणि मुलीच्या खोकल्याबद्दल काहीतरी मागून उठले. मग आम्हालाच का सांगतेस, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाचा चेहरा ऐकता ऐकता बदलतो, तो बघायचा मला धीर नाही.

मी मुळातच भित्री. हे सबब म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगतेय. निघताना कुणी शिंकलं की मी दोन मिनिटं खाली बसणार. घरातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणणार नाही, ‘येते’ म्हणणार. आणि कुणी वाईटसाईट बोललं की तिथेच तोंड धरणार — वास्तू तथास्तु म्हणते, माहीत नाही का? मिलिंद, म्हणजे माझा नवरा, याला फार हसायचा. तो गिअरबॉक्सचा इंजिनिअर, स्टुटगार्टच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. या भाड्याच्या फ्लॅटमधल्या वास्तूला मराठी कळतं का, असं विचारायचा. मी म्हणायचे, कळत असेल तर?

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. इथे माझी लेखणी अडते. त्या वाईट असत्या, छळणाऱ्या असत्या, तर हे सगळं किती सोपं झालं असतं! पण तशा नव्हत्या. मी त्यांना आई म्हणायचे आणि ते म्हणणं वरवरचं नव्हतं. लग्नानंतर दोनदा माझं पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळी माझी स्वतःची आई आजारी होती, तेव्हा दवाखान्यात आठ दिवस ह्या बसून होत्या. ‘होईल’, ‘देव बघतोय’, असलं एकही वाक्य बोलल्या नाहीत. नुसते माझे केस विंचरून द्यायच्या. 

त्यांचं नाव कुमुद. डोळे घारे, केस पिंगट, आणि पुण्यात कुणीही नवीन भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला — तुम्ही कोकणस्थ का? त्या हसून म्हणायच्या, नाही हो, मी काडेपेटीवाल्यांची. वडील स्वीडनचे होते त्यांचे. अ‍ॅक्सेल. मुंबईजवळ एका काडेपेटीच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले, आणि कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सशी त्यांनी लग्न केलं. केलं म्हणतात — कागद कुणी पाहिलेला नाही. आई चार वर्षांच्या होत्या तेव्हा लढाई सुरू झाली आणि ते गेले ते गेलेच. काही पत्रं आली. मग आईंची आई गेली, मामाने उचलून आईंना दुसऱ्या गावी नेलं आणि पत्रं थांबली. तिकडून लिहिणारा थांबला की इकडच्या पोस्टमनला नवा पत्ता माहीत नव्हता — हे आईंना जन्मात कळलं नाही. शाळेत पोरं ‘साहेबाची घारी’ म्हणून ओरडायची, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत चालीसकट आठवत होतं.

“मी काही इस्टेट मागायला जायची नाहीये गं,” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, मेथी निवडता निवडता. “मला एवढंच कळलं पाहिजे — विसरले, की आठवण होती. दोन्हीपैकी काहीही चालेल.”

काहीही चालेल म्हणताना त्यांनी निवडलेली मेथी परत जुडीत टाकली होती. मी ती गुपचूप पुन्हा काढून घेतली.

म्हणून मिलिंदने शोध सुरू केला. आमच्या लग्नाचा दहावा वाढदिवस दोन हजार तीनच्या जूनअखेरीस होता आणि मला वाटत होतं की तो मला व्हेनिसला नेईल. त्याऐवजी तो दिवसभर ऑफिसात गिअर आणि घरी आल्यावर स्वीडनच्या चर्चला ई-मेल, असं करत बसला. तिकडे म्हणे चर्चच्या वह्यांत प्रत्येक माणसाची नोंद असते — कोण जन्मलं, कोण मेलं, कोण गाव सोडून कुठे गेलं. आणि खरंच एके दिवशी उत्तर आलं. अ‍ॅक्सेल लढाईनंतर गाव सोडून जर्मनीला, ल्यूबेकला, कामासाठी गेले. म्हणजे ज्याला आम्ही स्वीडनमध्ये शोधत होतो तो माणूस आम्ही राहतो त्याच देशात होता. त्यानंतरची पत्रं मी लिहिली, कारण मिलिंदचं ऑफिस इंग्रजीत चालायचं आणि त्याची जर्मन बेकरीपुरती होती. जर्मन माझी. पुण्यात शिकलेली, इथे घासूनपुसून घेतलेली. घरात येणारा प्रत्येक सरकारी कागद मी वाचायचे आणि मी सांगेन तो त्याचा अर्थ. हे लक्षात ठेवा.

ल्यूबेकहून कळलं की ते पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी वारले. तिथे लग्न केलं होतं, बायको आधीच गेली, मूलबाळ नाही. कबर अमुक फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, अमुक विभागात. आणि तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर मला हेही सांगितलं की इथे कबरीची मुदत असते. मुदत संपली आणि कुणी नातेवाईक पुढे आले नाहीत, की दगड काढतात आणि गवत पेरतात. ह्या कबरीची मुदत नुकतीच संपलेली होती. मी मिलिंदला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तोवर मी त्याला सगळं जसंच्या तसं सांगत असे.

बेत असा ठरला — वाढदिवसाच्या दिवशी ल्यूबेक, दुपारच्या बोटीने स्वीडन, आजोबांचं गाव बघायचं आणि परत.

फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. मला दिवस गेले होते. आठवा आठवडा. दोनदा आनंदाने सगळ्यांना सांगून मग सगळ्यांना उलटं सांगावं लागलं होतं, म्हणून या वेळी तीन महिने होईपर्यंत माझ्या सावलीलाही कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आणि आपल्याकडे गरोदर बाई स्मशानाच्या वाटेलाही जात नाही. मला ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण सांगू काय? नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी कारण दिलं नाही, आणि गेले.

भर दुपारचे बारा वाजत होते. त्या उन्हाळ्यात जर्मनीत ऊन म्हणजे आपला विदर्भ होता. फ्रीडहोफ एखाद्या मोठ्या बागेसारखा, झाडं, नळ, पाण्याच्या हिरव्या झाऱ्या टांगलेल्या, आणि माणूस एकही नाही. विभाग सापडला, पण त्यात दगडांच्या वीस-बावीस रांगा. “तू तिकडून बघ, मी इकडून बघत येतो,” मिलिंद म्हणाला, आणि आम्ही वेगवेगळ्या टोकांनी निघालो. मी हात पोटावर ठेवून चालत होते. मध्ये मध्ये नुसते गवताचे मोकळे चौकोन दिसत, दगड काढलेल्या जागा. प्रत्येक चौकोनाला मी मनात म्हणत होते, हीच असू दे, हीच असू दे, आणि संपू दे.

त्यांतली एकही ती नव्हती. दगड होता. करडा, कमरेएवढा, डाव्या अंगाला शेवाळ. वर अ‍ॅक्सेल, जन्म आणि मृत्यू. खाली त्यांच्या बायकोचं नाव, जन्म आणि मृत्यू. आणि त्याच्याखाली —

इथेच मी दर वेळी थांबते.

त्याच्याखाली कुमुद असं लिहिलं होतं. इंग्रजी लिपीत, पाच अक्षरं, एकही चूक नाही. पुढे चांदणीची खूण, म्हणजे जन्म — मुंबई, आणि साल. आईंचंच साल. आणि त्याच्यापुढे क्रूस. मृत्यूची खूण. क्रूसापुढे काही नाही. कोरा दगड.

मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. तुम्ही कधी जिवंत माणसाचं नाव थडग्यावर वाचलंय का? जे माणूस काल रात्री फोनवर तुम्हाला म्हणालं होतं की उन्हात टोपी घाल? त्या रिकाम्या जागेवर ऊन पडलं होतं, आणि मला वाटलं ती जागा वाट बघतेय. तिला एक साल हवंय. कुणाचं तरी. आई तर इथून सहा हजार किलोमीटरवर होत्या, सुरक्षित. जवळ कोण होतं? मी होते. आणि माझ्या पोटात जे होतं ते होतं.

हसू नका. आता हसाल, पण तेव्हा त्या उन्हात तुम्ही नव्हता.

दगडाच्या वरच्या कडेवर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. कबरीची मुदत संपली आहे, नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा. मी तो पूर्ण वाचला. गळ्यात कॅमेरा होता. मी फोटो काढला नाही. मागे वळले आणि भराभर चालत सुटले. पळायचंही भय वाटत होतं, पडले असते तर.

मिलिंद चार-पाच रांगांपलीकडे वाकून नावं वाचत होता. त्याने विचारलं, “सापडली?”

मी म्हणाले, “नाही रे. काढून टाकलीय.”

एवढंच म्हणणार होते. पण खोटं बोलायला लागलं की बारकावे आपोआप सुचतात. मी म्हणाले, तिकडे माळी होता, त्याला विचारलं, तो म्हणाला ही पूर्ण ओळ गेल्याच महिन्यात साफ केली. माळी कुठेच नव्हता. मिलिंदने त्या दिशेने पाहिलं, मला वाटलं आता तो जाऊन बघणार. मी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, चल, मला चक्कर येतेय. ते खरं होतं. माझा चेहरा बघून तो घाबरला आणि मला सावलीत घेऊन गेला. त्याने पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. बायको थरथरत असताना कोण वळून बघेल?

बोटीवर त्याने आईंना फोन लावला. लाइन खरखरत होती. त्याने सांगितलं, आई, उशीर झाला आपल्याला, काढून टाकलीय. मला त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, “असू दे रे. त्यांच्यात तशी रीत असेल.” आणि मग, “दगडावर काय लिहिलेलं होतं, ते कुणी सांगितलं का?”

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

मी कठड्याशी जाऊन उलटी केली आणि तो बिचारा मला बोट लागली असं समजला.

पुढे स्वीडनमध्ये आम्ही ते गाव पाहिलं, ते चर्च पाहिलं, वहीतली अ‍ॅक्सेलच्या जन्माची ओळ पाहिली. मिलिंदचे डोळे भरून आले. मी त्या वहीसमोर हात जोडून उभी होते आणि मनात म्हणत होते — मी बोलणार नाही, मी कुणाला काही बोलणार नाही, फक्त हे एक मूल राहू दे. कुणाशी सौदा करत होते? मलाही माहीत नाही. पण केला. आणि मूल राहिलं. फेब्रुवारीत इरा झाली, धडधाकट, तीन किलो दोनशे. आता सौदा मोडायची माझी काय टाप होती?

आई जानेवारीतच येऊन दाखल झाल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आणि कस्टमच्या माणसाला समजावून समजावून दमलेल्या. जर्मन शेजारणी जिन्यात थांबवून विचारायच्या की तुमच्याकडून हा कसला वास येतो, आणि आई मराठीतच ओव्याची कृती सांगायच्या. इराला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तिचे डोळे बघून म्हणाल्या, “आली बाई दुसरी घारी. हिला निदान इथे कुणी चिडवणार नाही.” आणि मग तेल चोळता चोळता, माझ्याशी नाही, तिच्याशीच, अगदी हळू — “पणजोबांना माझं नाव तरी आठवलं असेल का गं शेवटी?”

मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. सगळं जिभेवर आलं होतं. पण पोर त्यांच्या पायांवर होती, उघडी, ओली, एवढीशी. मी मनात वास्तूला म्हटलं, काही ऐकू नकोस. आणि टॉवेल पुढे केला.

मग आईंनीच तो विषय काढला. नुसतं गवत का असेना, त्यांना ते बघायचं होतं. जन्मदात्याच्या जागेवर दोन फुलं टाकायची आणि परत यायचं. मिलिंदने लगेच मार्चअखेरची दोन तिकिटं काढली. मायलेक जाणार, मी बाळाला घेऊन घरी. मी हसत हसत म्हणाले, या जाऊन. आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली, जेवण गेलं, दूध आटायला लागलं. तिथे दगड उभा असेल, नाही? त्यावर पिवळा कागद असेल. मिलिंदला कागद वाचता येणार नाही, पण आईचं नाव वाचता येईल. तो मला विचारेल, माळी कुठला? आणि आई? आई आपलं नाव वाचतील, क्रूस बघतील, ती रिकामी जागा बघतील. हृदयाचं दुखणं होतं त्यांना. कशाला जास्त घाबरले होते मी — त्यांचं काही बरंवाईट होईल याला, की मी उघडी पडेन याला? तेव्हा मी स्वतःला सांगायचे, पहिल्याला. 

जायच्या सकाळी बॅग दाराशी भरलेली होती. आईंनी फुलं आदल्या दिवशीच आणून पाण्यात ठेवली होती, पांढरी. मिलिंद आंघोळीला गेला. मी थर्मामीटर घेतला, खिडकीखालच्या हाइट्सुंगच्या, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या नळीला टेकवून धरला, आकडे चढताना बघितले. अडतीस पॉइंट आठला काढला. आणि बाहेर येऊन म्हणाले, इराला ताप आहे.

वाचलंत ना? ज्या बाळासाठी मी एक शब्द वाईट बोलू देत नव्हते, त्याच बाळाला मी माझ्या तोंडाने ताप आणला.

मिलिंद ओल्या केसांनी धावत आला. आई आल्या. त्यांनी इराच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याखाली, मग पोटावर. चार पोरं वाढवलेल्या बाईचा हात, त्याला काय थर्मामीटर लागतो? हात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला राग चालला असता. कपड्यावरचा डाग उजेडात धरून बघावा, तसं शांतपणे पाहिलं. मग मिलिंदला म्हणाल्या, “राहू दे रे आजचं. बाळ आधी.”

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ताप अर्थातच नव्हता. डॉक्टर म्हणाले, मुलांना इतकं गुंडाळू नका. तोपर्यंत गाडी निघून गेली होती. मिलिंद म्हणाला, पुढच्या आठवड्यात जाऊ. आईंनीच नको म्हटलं, आता माझे पाय दुखतात म्हणाल्या. पांढरी फुलं त्यांनी आमच्या देवापुढे वाहिली. मला एका शब्दाने विचारलं नाही. जाईपर्यंत माझं डोकं तसंच विंचरून देत राहिल्या, आणि मी त्यांच्यासमोर खाली बसून, पाठ त्यांच्याकडे करून, दर सकाळी घाबरत राहिले की आज विचारतील.

त्यांना काय कळलं होतं? मी खोटं बोलतेय एवढं कळलं होतं. का ते कळलं नव्हतं. त्यांनी काय तर्क केला असेल? सून आपल्या साहेब बापाला लाजते? घारीचं मूळ उकरून काढायला नको म्हणते? कदाचित त्यांना वाटलं असेल की दगडावर काहीतरी वाईट लिहिलेलं होतं आणि मी त्यांना वाचवतेय. मी ते त्यांना तसंच वाटू दिलं.

आता तुम्हाला वाटत असेल, भित्री बाई होती, दोन मुलं गमावलेली, अशुभाला घाबरली, झालं. मलाही तीन वर्षं तसंच वाटत होतं. पण पुढचं ऐका.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. नवरा गेलेला. इरा अडीच वर्षांची असताना त्या एकदा आम्हाला आग्रहाने नवऱ्याच्या कबरीवर फुलझाडं लावायला घेऊन गेल्या. इरा हातात छोटी झारी घेऊन पुढे. दगडावर नवऱ्याचं नाव, आणि खाली आजींचं नाव, चांदणी, जन्मसाल, क्रूस आणि पुढे कोरं. माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला असावा. आजी हसल्या, ओल्या मातीचा हात दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, “हो, ही मी. माझी जागा राखून ठेवलीय त्याने.” बिगोनियाला पाणी घातलं आणि मला खरेदीच्या यादीत दूध आहे का ते विचारलं.

तर ते तसं होतं. शाप नाही, बोलावणं नाही, काही नाही. इथली माणसं आपल्या माणसांची नावं आधीच कोरून ठेवतात — ज्यांनी आपल्याजवळ असावं असं वाटतं त्यांची. अ‍ॅक्सेलला मुलीचं नाव आठवत होतं. हजारदा म्हटलं असेल मनात, तेव्हा एकही अक्षर न चुकता दगडावर उतरलं. आईंना जे एवढंच कळायला हवं होतं, ते मी भर उन्हात माझ्या दोन डोळ्यांनी वाचलं होतं, आणि जगात ते माहीत असलेली मी एकटी होते.

त्या दिवशी घरी येऊन मी फोन उचलायला हवा होता. आई तेव्हा होत्या. चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. दर रविवारी आम्ही बोलायचो — इराचे दात, पुण्याचं पाणी, मिलिंदचं पोट. त्या अजून सव्वादोन वर्षं जगल्या. म्हणजे शंभरावर रविवार झाले. मला आता दगडाची भीती उरली नव्हती, वास्तूची नव्हती, लेकीसाठीही नव्हती. एकच भीती होती — मी सांगितल्यावर मिलिंद माझ्याकडे कसा बघेल. त्या एका नजरेपायी मी त्या बाईला दर रविवारी तिच्या बापाशिवाय फोन ठेवू दिला. माझा गुन्हा हा आहे. फ्रीडहोफमधलं खोटं नाही, थर्मामीटरही नाही. ते शंभर रविवार.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर आई गेल्या. झोपेत, हृदयाने. मिलिंद एकटा जाऊन सगळं करून आला. अस्थी नदीत सोडल्या. 

पुढच्या एप्रिलमध्ये मी मिलिंदला सांगितलं की हांबुर्गच्या मैत्रिणीकडे दोन दिवस जाऊन येते. अजून एक खोटं, त्याचं आता काय मोजायचं. ल्यूबेकला उतरले. पांढरी फुलं घेतली. विभाग पाठ होता, रांग पाठ होती. दगड नव्हता. कोवळं गवत होतं, नुकतंच कापलेलं. मी त्या वर्षी मिलिंदला जे सांगितलं होतं, तेच आता समोर होतं. काढून टाकलीय.

मी कार्यालयात गेले. तिथल्या बाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी खणातून एक जुनं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. तीन जागांची कबर. पहिल्या जागेपुढे त्यांचं नाव, दुसरीपुढे बायकोचं. तिसऱ्या जागेपुढे हाताने लिहिलेलं होतं — मुलगी, कुमुद, भारत. राखीव. बाई म्हणाल्या, खरं तर मुदत कधीच संपली होती, पण कार्डावर मुलगी लिहिलेली, म्हणून आम्ही जास्तच थांबलो. मागच्या वर्षी काढली. कुणी आलंच नाही.

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही नातेवाईक का? नातेवाईक असाल तर या कार्डाची प्रत देता येईल.”

आता कुणाला घाबरायचं होतं? आई नव्हत्या. दगड नव्हता. प्रत पर्समध्ये घालायची, घरी न्यायची, मिलिंदच्या पुढ्यात ठेवायची आणि काय होईल ते होऊ द्यायचं. एवढंच होतं. त्या कार्डावरच्या शाईत त्याच्या आईचं नाव होतं.

मी म्हणाले, नाही. सहज चौकशी करत होते.

बाईंनी मान डोलावली, कार्ड परत खणात ठेवलं आणि खण लावला. फुलं माझ्या हातातच राहिली होती. मी ती बाहेरच्या नळाखालच्या झारीत ठेवली आणि गाडी पकडून घरी आले. मिलिंद स्टेशनवर इराला घेऊन आला होता. त्याने माझी बॅग घेतली आणि विचारलं, कशी आहे मैत्रीण? मी म्हणाले, बरी आहे.